नंबर जातो, डोळा तोच राहतो

चष्म्याचा नंबर लेसर किरणांनी घालवून देणाऱ्या शस्त्रक्रियेला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. इसवी सन २००० च्या सुमारास विशी-पंचविशीत असताना ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, ते तरुण-तरुणी आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. कोणत्याही शस्त्रक्रियेचा खरा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी लागत नाही. तो वीस वर्षांनी लागतो. लेसरच्या जाहिरातींना मात्र फक्त ती दुसऱ्या दिवसाची सकाळच ठाऊक असते. डोळे उघडले, भिंतीवरचे घड्याळ दिसले, चष्मा कचऱ्याच्या टोपलीत गेला, येथे जाहिरातीतील कथा संपते. ज्यांचा नंबर उणे दोन-तीन होता त्यांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही ठरते. परंतु उणे आठ, उणे दहा, उणे बारा अशा मोठ्या नंबराच्या माणसांची कथा तेथे संपत नाही, आणि या माणसांविषयी फारसे कोणी बोलत नाही.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे. मोठ्या नंबराचे दुःख हे खोटे दुःख नव्हे. ज्याचा नंबर उणे दहा आहे, त्याला चष्म्यावाचून स्वतःच्या हाताची बोटे डोळ्यांपासून दहा सेंटिमीटरवर आणावी लागतात, तेव्हा ती स्पष्ट दिसतात. घामाने घसरणारा, पावसात धुरकटणारा, फुटला तर दोन दिवसांची मजुरी बुडवणारा जाड भिंगांचा चष्मा सांभाळत कारखान्यात, शेतात किंवा मोटारीच्या चाकामागे आयुष्य काढणे म्हणजे काय, हे ज्याचे डोळे धड आहेत त्याला कळणार नाही. मुलीचा नंबर लग्नाच्या बाजारात लपवावा लागतो, ही आपल्या समाजाची लाजिरवाणी रीत अजून पुरती गेलेली नाही. तेव्हा चष्म्यातून सुटका मागणाऱ्यांना छानछोकीचे हौशी ठरवून मोकळे होणे हा अन्याय होईल. प्रश्न त्यांच्या मागणीचा नाही. त्यांना जे विकले जाते, ते काय आहे हे त्यांना सांगितले जाते काय, हा प्रश्न आहे.

निकटदृष्टीचा डोळा हा लांबट झालेला डोळा असतो. सर्वसाधारण डोळ्याची पुढून मागे लांबी सुमारे चोवीस मिलिमीटर. तीव्र निकटदृष्टीत ती सव्वीस मिलिमीटरच्या पुढे जाते. डोळा लांबल्यामुळे प्रतिमा दृष्टिपटलाच्या पुढेच पडते आणि दूरचे धूसर दिसते. लेसर या लांबीला हात लावत नाही. तो डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, मधला भाग तासून त्याची वक्रता कमी करतो, आणि त्यामुळे प्रतिमा मागे सरकून दृष्टिपटलावर येते. पाया खचलेल्या घराचे दार रंधा मारून बसते करावे, तसा हा प्रकार आहे. दार नीट लागते. पण पाया जेथे होता तेथेच असतो. या एका वस्तुस्थितीतून पुढील सारे प्रश्न उद्भवतात.

या तासण्याला गणित आहे आणि ते गणित निष्ठुर आहे. सहा मिलिमीटर व्यासाचा भाग तासायचा असेल तर दर एका डायऑप्टरमागे पारपटलाचे सुमारे बारा मायक्रॉन जातात. उणे दहासाठी एकशेवीस मायक्रॉन. पारपटलाची एकूण जाडी पाचशेवीस मायक्रॉन धरली, आणि लेसिकमध्ये वरची चकती उचलण्यासाठी जुन्या यांत्रिक पात्याने एकशेसाठ मायक्रॉनचा थर कापला, तर खाली उरतात दोनशेचाळीस. निदान दोनशेपन्नास मायक्रॉन शिल्लक राहिले पाहिजेत, असा संकेत पुढे रूढ झाला. उरलेला पडदा फार पातळ झाला तर डोळ्यातील दाबापुढे तो हळूहळू पुढे फुगत जातो आणि दृष्टी वेडीवाकडी होते. असे रुग्ण १९९८ साली थिओ सायलर या नेत्रवैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्णिले. लेसिकची सुरुवात क्रीट बेटावर आयोनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास केली होती. म्हणजे धोका कागदावर येईपर्यंत सात-आठ वर्षे ही शस्त्रक्रिया जगभर चालू होती, आणि उणे बारा, उणे चौदापर्यंतचे नंबरही याच मार्गाने घालवले जात होते. आज सावध शल्यचिकित्सक उणे आठ ते दहाच्या पुढे लेसरला नकार देतात आणि डोळ्यात भिंग बसवण्याचा पर्याय सुचवतात. ही मर्यादा प्रयोगशाळेत सापडलेली नाही. ती ज्यांच्या डोळ्यांवर शिकली गेली, त्या माणसांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

नेत्रशल्याच्या या शाखेत असे घडण्याची ही पहिली वेळ नव्हती. जपानमध्ये त्सुतोमू सातो यांनी १९४० च्या दशकात पारपटलाला आतून व बाहेरून चिरा देऊन नंबर घालवण्याची पद्धत काढली. आरंभीचे परिणाम चांगले दिसले. पारपटलाच्या आतल्या बाजूस असलेला पेशींचा एकेरी थर पाणी उपसून पडदा स्वच्छ ठेवतो आणि तो पुन्हा उगवत नाही, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. वीसेक वर्षांनी त्यांतील बहुसंख्य रुग्णांचे पारपटल सुजून गढूळ होऊ लागले. नंतर १९७० च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी फक्त बाहेरून अरांसारख्या चिरा देण्याची पद्धत रूढ केली. रुग्ण फिरत्या पट्ट्यावर झोपलेले आणि प्रत्येक शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेचा एकेकच टप्पा करीत आहे, हे त्यांच्या रुग्णालयाचे चित्र तेव्हा जगभर प्रसिद्ध झाले. समाजवादी म्हणवणाऱ्या देशातही माणसाच्या डोळ्याला कारखान्यातल्या सुट्या भागाची कळा येऊ शकते, हे या निमित्ताने ध्यानात ठेवलेले बरे. घाईचे खापर केवळ नफ्यावर फोडून चालणार नाही.

याच चिरांच्या शस्त्रक्रियेची अमेरिकेत जी पाहणी झाली ती या सर्व इतिहासात अनुकरणीय आहे. तेथील राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पैशाने, म्हणजे सार्वजनिक पैशाने, चारशेहून अधिक रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. १९९४ साली निष्कर्ष आले: त्रेचाळीस टक्के डोळ्यांचा नंबर शस्त्रक्रियेनंतरच्या सहाव्या महिन्यापासून दहाव्या वर्षापर्यंत उलट दिशेने, म्हणजे दूरदृष्टीकडे, एक डायऑप्टर किंवा अधिक सरकला होता. पडदा स्थिरावलेलाच नव्हता. सहा महिन्यांवर थांबणाऱ्या कोणत्याही पाहणीत हे दिसले नसते. लेसर आल्यावर चिरांची पद्धत मागे पडली, पण दहा वर्षे थांबून पाहण्याची ती रीतही तिच्यासोबत मागे पडली, हे दुर्दैव.

लेसरचा जन्म मात्र सुंदर आहे. एक्सायमर लेसर मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत १९७० साली प्रथम सिद्ध झाला. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर हा किरण टाकला, आणि आजूबाजूचे काहीही न जाळता तो अतिसूक्ष्म थर उचलतो हे दाखवले. १९८३ साली स्टीफन ट्रोकेल या नेत्रवैद्यासोबत त्याचा पारपटलावरील उपयोग प्रसिद्ध झाला. विज्ञानाची ही कामगिरी कोणासही अभिमान वाटावा अशीच आहे. एक स्पंद मायक्रॉनच्या चौथ्या हिश्शाएवढा थर काढतो. एवढी अचूकता मानवी हाताने कधी साधली नव्हती. परंतु अचूकता हे हत्याराचे लक्षण. त्या हत्याराने कोणास, किती आणि काय सांगून कापायचे, हा निर्णय माणसांचा असतो.

आता दहा वर्षांच्या हिशेबाकडे वळू. स्पेनमधील अलिकांते येथील होर्हे आलियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उणे दहाहून मोठा नंबर असलेल्या एकशेशहाण्णव डोळ्यांचा लेसिकनंतर दहा वर्षांचा वृत्तान्त २००८ साली प्रसिद्ध केला. दहा वर्षांनी बेचाळीस टक्के डोळे इष्ट नंबराच्या एका डायऑप्टरच्या आत होते, एकसष्ट टक्के दोन डायऑप्टरच्या आत. सत्तावीस टक्क्यांहून थोड्या अधिक डोळ्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ज्यांवर ती केली नाही, त्यांचा नंबर दरवर्षी सरासरी पाव डायऑप्टर या वेगाने परत येत होता. दोन डोळ्यांत पडदा फुगण्याचा विकार उद्भवला. हे डोळे जुन्या यंत्रांनी तासलेले होते, आजची यंत्रे अधिक सुधारलेली आहेत, हे खरे आहे आणि ते नमूद केलेच पाहिजे. हे आकडे भयप्रद आहेत असेही नव्हे: उणे बाराचा माणूस दहा वर्षांनी उणे दीडवर आला, तर त्याच्या आयुष्यात फार मोठा फरक पडला. मात्र ‘कायमचा’ हा शब्द जाहिरातीत ज्या अर्थाने छापला जातो, त्या अर्थाला या आकड्यांत कोठेही आधार नाही.

शस्त्रक्रियेनंतर होणारा डोळ्यांचा कोरडेपणा, रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये, समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने दिपणे, यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथील नेत्रसंस्था व संरक्षण खात्यासह केलेली पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना असा कोणताही त्रास नव्हता, त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी निदान एक तरी नवे दृष्टिलक्षण जाणवत होते. दैनंदिन कामात फार अडचण यावी इतका त्रास असणारे एक टक्क्याहूनही कमी होते. दोन्ही वाक्ये सारखीच खरी आहेत. जाहिरात दुसरे वाक्य सांगते. रात्रपाळीचा ट्रकचालक पहिले वाक्य ऐकण्याचा हक्कदार आहे.

परंतु तीव्र निकटदृष्टीच्या माणसाचे खरे संकट यांपैकी कशातच नाही. ते डोळ्याच्या मागच्या बाजूला आहे. लांबलेल्या डोळ्यात दृष्टिपटल ताणले जाते, कडेला विरते, त्याला भोक पडू शकते आणि ते भिंतीवरचा कागद सुटावा तसे सुटू शकते. मध्यभागी झीज होऊन वाचण्याची दृष्टी जाऊ शकते. काचबिंदूचा संभव सर्वसाधारण माणसापेक्षा अधिक असतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. लेसरने यांतील एकही धोका तिळमात्र कमी होत नाही. मात्र जाड चष्मा ही या धोक्यांची नाकावर बसलेली पाटी होती, आणि लेसर तीच पाटी काढून टाकतो. चष्मा होता तोवर माणूस दोन वर्षांनी का होईना चष्मेवाल्याकडे जात होता, तेथून कधी तरी नेत्रवैद्याकडे पोहोचत होता. चष्मा गेला आणि ‘माझे डोळे आता चांगले आहेत’ अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली. डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखी दिसते, अचानक काळे ठिपके तरंगतात, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटते, ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणे आहेत आणि अशा वेळी त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांगितले असलेच तर ते वीस वर्षांपूर्वी, आठ पानांच्या इंग्रजी संमतिपत्रात, शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्यापूर्वी दहा मिनिटे. संमती ही रुग्णाला पुरेशी माहिती मिळून दिलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. न समजणाऱ्या भाषेतील कागदावरची सही या कसोटीस उतरते काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

काचबिंदूची गोष्ट अधिकच चमत्कारिक आहे. डोळ्यातील दाब मोजणारे साधन पारपटलावर टेकवून मोजते. पडदा तासून पातळ झालेला असला की ते साधन दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवते. ज्याला काचबिंदूचा धोका अधिक, त्यालाच ‘दाब ठीक आहे’ असा दिलासा मिळतो.

आणि मग मोतीबिंदू येतो. तो काढल्यावर बसवायच्या भिंगाची शक्ती डोळ्याची लांबी आणि पारपटलाची वक्रता यांवरून काढतात. नेहमीची यंत्रे ही वक्रता मोजताना पडद्याच्या पुढच्या व मागच्या पृष्ठांचे नैसर्गिक प्रमाण गृहीत धरतात. लेसरने पुढचे पृष्ठ तासल्यामुळे ते प्रमाणच बिघडलेले असते. नेहमीच्या सूत्राने काढलेले भिंग अशा डोळ्यात कमी शक्तीचे ठरते, आणि तीस वर्षांपूर्वी निकटदृष्टीतून सुटण्यासाठी पैसे मोजलेला माणूस दूरदृष्टीचा होऊन बाहेर पडतो. ही चूक टाळण्याची नवी सूत्रे आणि नवी यंत्रे आता आहेत, मूळ नंबर व मूळ वक्रता यांची नोंद हाती असेल तर तीही मदत करते. पण त्यासाठी आधी शल्यचिकित्सकाला हे ठाऊक असले पाहिजे की या डोळ्यावर पूर्वी लेसर झाला आहे. दिवसाला पन्नास मोतीबिंदू काढणाऱ्या शिबिरात ते कोण विचारतो? चकतीची कड साध्या नजरेला दिसत नाही, आणि पंचावन्न वर्षांच्या बाईला विशीतल्या शस्त्रक्रियेचा आताच्या मोतीबिंदूशी संबंध असेल असे वाटण्याचे कारण नाही.

येथे प्रश्न वैद्यकाचा राहत नाही, तो कायद्याचा व व्यवस्थेचा होतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार डॉक्टराने दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात, आणि रुग्णाने मागणी केल्यास त्या बहात्तर तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षे! ज्या नोंदीची गरज तीस वर्षांनी पडणार आहे, ती तीन वर्षांनी रद्दीत घालण्यास नियमाची हरकत नाही. शिवाय लेसरचा रुग्ण सकाळी येऊन दुपारी घरी जातो. तो ‘दाखल’ झाला असे म्हणायचे की नाही, येथूनच वादाला सुरुवात. खाजगी केंद्रे दरम्यान बंद पडतात, विकली जातात, दुसऱ्या साखळीत विलीन होतात. स्वीडनमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९९२ पासून चालू आहे. आपल्याकडे दृष्टिदोषाच्या लेसर शस्त्रक्रियांसाठी कायद्याने बंधनकारक अशी नोंदवही नाही. त्यामुळे येथे किती डोळे तासले गेले आणि वीस वर्षांनी त्यांचे काय झाले, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

विम्याचा नियम पाहावा. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली प्रमाणित केलेल्या अपवादांत साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबराच्या दृष्टिदोषावरील उपचार वगळण्याची मुभा आहे. हेतू समजण्यासारखा आहे: लहान नंबर ही सोय, मोठा नंबर ही गरज. पण याचा व्यवहारातील परिणाम असा की ज्यांच्या पारपटलात तासण्याजोगे सर्वांत कमी शिल्लक आहे, नेमके त्यांच्यासाठीच विम्याचे दार उघडते. आणि शस्त्रक्रियेचा खर्च देणारा विमा पुढील तीस वर्षांच्या दृष्टिपटल-तपासणीबद्दल मौन पाळतो. नोकरभरतीची तऱ्हा याहून निराळी. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या पदाला लेसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. चष्मा असला तर नकार म्हणून कर्ज काढून लेसर करणारा आणि मग लेसर झाला म्हणून नकार मिळालेला तरुण, या दोन नियमांच्या कात्रीत सापडतो. लेसर करण्यापूर्वी त्याला ही माहिती देणे हे केंद्राचे कर्तव्य नाही काय?

खरे तर एवढ्या मोठ्या नंबरांची पैदास थांबवणे हा मूळ प्रश्न आहे. चीनमधील ग्वांगझो येथे बारा शाळांतील पहिलीच्या मुलांवर प्रयोग झाला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त उघड्यावर खेळवले. तीन वर्षांत त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टी आली, इतर शाळांत ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याची मोहीमच हाती घेतली. निकटदृष्टी जितकी उशिरा सुरू होते, तितका अखेरचा नंबर लहान राहतो. यासाठी किरण लागत नाही, पटांगण लागते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण सक्तीचे केले आहे. शहरातील दुमजली गाळ्यांत भरणाऱ्या शाळांना ती मान्यता कशी मिळते, हे ज्या त्या नगरपालिकेत विचारण्याजोगे आहे.

ज्यांचा नंबर लेसरने गेलेला आहे, त्यांच्यासाठी मात्र पटांगण उशिराचे झाले. त्यांना वर्षातून एकदा बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी मिळाली पाहिजे, आणि ती जिल्हा रुग्णालयात विनामूल्य मिळाली पाहिजे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे त्याचे काम मोठे आहे. त्याच्या तपासणीपत्रकात एक ओळ वाढवण्यास नवा निधी लागत नाही. लेसर करणाऱ्या प्रत्येक केंद्राने मूळ नंबर, मूळ वक्रता, मूळ जाडी व काढलेले मायक्रॉन हे मराठीत लिहिलेले कार्ड रुग्णाच्या हाती दिलेच पाहिजे, अशी दुरुस्ती राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत करता येईल. रुग्णहक्कांची सनद त्या नियमांत २०२१ सालीच आली आहे. तोवर वस्त्यांमधून व गावांमधून जे कार्यकर्ते नेत्रशिबिरे भरवतात, त्यांच्या हाती नोंदणीचे टेबल आहे. नाव, वय, मधुमेह आणि रक्तदाब यांच्याखाली तेथे आणखी दोन प्रश्न लिहिता येतात: नंबर घालवण्यासाठी पूर्वी डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे काय, आणि त्याआधी नंबर किती होता.